पाण्याखालचा स्प्रेड स्पेक्ट्रम: कागदावरचे २१ डेसिबल जातात कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४० मीटर खोल समुद्रात, तळापासून एक मीटर उंचीवर, तापमान आणि क्षारता मोजणारं यंत्र बसवलं आहे. ५०० मीटरवर नांगरलेल्या होडीवरून पाच मीटर खोल हायड्रोफोन (पाण्यातला मायक्रोफोन) सोडलाय आणि दर दहा मिनिटांनी यंत्राचे आकडे ध्वनिलहरींनी वर आणायचे आहेत. वाहक वारंवारता २४ किलोहर्ट्झ, बँडविड्थ ४ किलोहर्ट्झ, अ‍ॅम्प्लिफायर २० वॅटचा, साधं एफएसके (शून्य आणि एकसाठी दोन वेगळे सूर), सेकंदाला १२०० बिट. शांत तळ्यात २० मीटरवर सगळं सुरळीत चाललं, समुद्रात दहातली दोन पॅकेटंही धड येत नाहीत. कोणीतरी सुचवलं की डायरेक्ट सिक्वेन्स स्प्रेड स्पेक्ट्रम वापरा: १२७ चिपांचा (तुकड्यांचा) कोड घेतला तर २१ डेसिबल मिळतात, १०२३ चिपांचा घेतला तर ३०. मग सरळ १०२३ चाच का घेऊ नये?

घेऊ नका. १२७ चा घ्या, आणि तोही २१ डेसिबलसाठी घेऊ नका. पाणी दुसरीकडेच मुरतंय.

पाण्यात रेडिओ का चालत नाही हे तुम्हाला माहीत असणारच. खारं पाणी विजेचं चांगलं वाहक आहे, त्यामुळे वायफायच्या वारंवारतेचा संदेश हातभर अंतरातच संपतो. आवाज मात्र दूर जातो. फक्त तो सेकंदाला सुमारे १५०० मीटरने जातो, म्हणजे रेडिओपेक्षा दोन लाख पटींनी हळू. पुढच्या सगळ्या कटकटी या एका आकड्यातून निघतात. रेडिओवाल्यांची पुस्तकं वाचून पाण्यात उतरणारे याच आकड्याला फसतात. मीही फसलो होतो.

आधी आवाजी गोंगाटाचा हिशेब करू, कारण प्रोसेसिंग गेन, म्हणजे कोडमुळे मिळणारे ते २१ डेसिबल, हे गोंगाटावरचं औषध. पाण्यात एक वॅट ध्वनिशक्ती सगळ्या दिशांना सोडली, तर एका मीटरवर पातळी १७१ डेसिबल भरते (संदर्भ एक मायक्रोपास्कल). ५०० मीटरपर्यंत पसरण्यात ५४ डेसिबल जातात. २४ किलोहर्ट्झला समुद्राचं पाणी किलोमीटरमागे सहाएक डेसिबल शोषून घेतं, बहुतांशी त्यातल्या मॅग्नेशियम सल्फेटमुळे. अर्ध्या किलोमीटरला तीन धरा. हायड्रोफोनपाशी उरले ११४. मध्यम वाऱ्यात या वारंवारतेला समुद्राचा गोंगाट हर्ट्झमागे साधारण ४५ धरला, तर ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात तो ८१ होतो. म्हणजे संदेश गोंगाटापेक्षा तेहतीसएक डेसिबलने वर आहे, आणि तुमच्याकडे तर २० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. ज्या संदेशाला गोंगाटाचा त्रासच नाही, त्याला आणखी २१ डेसिबल देऊन काय होणार?

तुम्हाला मारतायत ते प्रतिध्वनी. तुमच्याच आकड्यांवरून भूमिती मांडली. थेट मार्ग ५०१.१६ मीटर. पृष्ठभागावर आपटून येणारा ५०१.९३ मीटर, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाने उशिरा. तळावरून येणारा तर फक्त १४ सेंटीमीटर जास्त चालतो, ०.०९ मिलिसेकंद. तळ-पृष्ठभाग असा दोनदा आपटणारा ०.६४ मिलिसेकंदाने येतो. मग थोडी शांतता, आणि पृष्ठभाग-तळ, तळ-पृष्ठभाग-तळ वगैरे करून येणारी पलटण ८ ते १० मिलिसेकंदांच्या दरम्यान. तिसरी पलटण २३ मिलिसेकंदांच्या पुढे. १२०० बिटच्या एफएसकेमध्ये एक बिट ०.८३ मिलिसेकंदाचा असतो. म्हणजे दहा बिटांपूर्वीचं बोलणं आताच्या बोलण्यावर येऊन पडतंय. आवाज वाढवला तर प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो. म्हणून २० वॅट ओतूनही फरक पडला नसणार.

स्प्रेड स्पेक्ट्रमचं खरं काम इथे सुरू होतं. डायरेक्ट सिक्वेन्समध्ये आपण एक बिट एकदाच न पाठवता एका ठरलेल्या उलटसुलट नक्षीवर चढवून पाठवतो. नक्षीतला एक तुकडा म्हणजे चिप. ४ किलोहर्ट्झ बँडविड्थमध्ये सेकंदाला ४००० चिपा बसतात, म्हणजे एक चिप पाव मिलिसेकंदाची, आणि पाण्यात तिची लांबी साडेसदतीस सेंटीमीटर. घेणारं यंत्र आलेल्या आवाजावर तीच नक्षी सरकवत कोरिलेशन काढतं. नक्षी बरोबर जुळली की टोकदार शिखर येतं, एक चिप इकडेतिकडे झाली की ते कोसळतं. त्यामुळे अर्ध्या मिलिसेकंदाने आलेला पृष्ठभागाचा प्रतिध्वनी दोन चिपा पलीकडे वेगळं शिखर म्हणून दिसतो, थेट संदेशात मिसळत नाही. आठ-दहा मिलिसेकंदांनी येणारी पलटण १२७ चिपांच्या कोडमध्ये अकराएक पटींनी दबते. गोंगाटावर मात करायला शोधलेली युक्ती इथे आपण वेळेची फोड करायला वापरतो.

पण तळाचा तो ०.०९ मिलिसेकंदवाला प्रतिध्वनी एका चिपच्या आतच येतो. त्याला कोणताही कोड वेगळा काढणार नाही. तो थेट संदेशात मिसळतो आणि कधी भर घालतो, कधी खड्डा पाडतो. दोन खड्ड्यांमधलं अंतर ११ किलोहर्ट्झ पडतं, तुमचा पट्टा चारचा. खड्डा नेमका पट्ट्यावर आला तर पट्टाच्या पट्टा आत जातो. यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, दोरीत आहे. तळाकडचा ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा भाग) तळापासून पाच मीटर उंचीवर उचला आणि होडीवरचा हायड्रोफोन दहा मीटर खोल सोडा. आता तळाचा प्रतिध्वनी ०.४ मिलिसेकंदांवर जातो, पृष्ठभागाचा ०.९३ वर, दोन्ही मिळून आपटणारा १.६ वर. सगळे सुटे. दोन्हीकडे पाच-पाच मीटर ठेवू नका, मग तळाचा आणि पृष्ठभागाचा प्रतिध्वनी एकाच क्षणी येतात. हे हिशेब करायला पायथागोरस आणि कागदाचा एक कपटा पुरतो, पण मॉडेमवर महिने घालवणारे लोक हे दहा मिनिटांचं काम करत नाहीत.

आता ‘१०२३ का नको’ याकडे. होडी नांगरलेली असली तरी ती दोरावर झोके घेते, आणि लटकवलेला हायड्रोफोन तिच्याबरोबर झुलतो. सेकंदाला अर्धा मीटर म्हणजे फार नाही. पण ०.५ भागिले १५०० म्हणजे तीन हजारांत एक. २४ किलोहर्ट्झची वाहक लहर त्यामुळे ८ हर्ट्झने सरकते. १२७ चिपांचा एक कोड ३१.७५ मिलिसेकंद चालतो, तेवढ्यात वाहकाचा कोन पाव फेरी फिरतो. कोरिलेशन म्हणजे शेवटी बेरीज, आणि पाव फेरीत बेरीज एक डेसिबलने कमी भरते. सोसण्यासारखं आहे. १०२३ चिपांचा कोड चालतो २५६ मिलिसेकंद. तेवढ्यात कोन दोन पूर्ण फेऱ्या मारतो. पहिल्या अर्ध्या फेरीत जे जमा झालं ते पुढच्या अर्ध्या फेरीत वजा होतं, आणि असं दोनदा. हातात जवळपास शून्य. काटेकोर हिशेब केला तर नुकसान ३३ डेसिबलचं निघतं. तीस मिळवायला गेलात आणि गाठचे तीन गेले.

अर्थात डॉप्लर (हलण्यामुळे वारंवारतेत पडणारा हा फरक) मोजून आधीच काढून टाकला तर लांब कोडही चालेल, असं तुम्ही म्हणाल. तात्त्विकदृष्ट्या बरोबर. पण झोक्याचा वेग त्या पाव सेकंदातही एकसारखा नसतो, आणि प्रत्येक मार्गाचा डॉप्लर वेगळा असतो: तळाचा प्रतिध्वनी स्थिर, पृष्ठभागाचा लाटेबरोबर हलणारा. कोड किती लांब असावा हे गोंगाट ठरवत नाही, पाणी किती वेळ ‘जसं होतं तसं’ राहतं हे ठरवतं.

उलट टोकाचं उदाहरण बघा. १९९१ च्या जानेवारीत हिंदी महासागराच्या दक्षिणेला हर्ड बेटाजवळून ५७ हर्ट्झचे ध्वनिसंकेत सोडले गेले आणि ते पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, अमेरिकेच्या किनाऱ्यांजवळ ऐकू आले. त्यानंतर समुद्राचं तापमान आवाजाने मोजण्याचा जो अटॉक प्रकल्प झाला, त्यात ७५ हर्ट्झवर बरोबर १०२३ चिपांचीच नक्षी वापरली होती. एक आवर्तन २७ सेकंदांहून जास्त चालायचं. तिथे ते जमलं, कारण ध्वनिस्रोत समुद्रतळावर पक्का बसवलेला होता, आणि ७५ हर्ट्झच्या लहरीची लांबी २० मीटर. तुमच्या लहरीची लांबी सव्वासहा सेंटीमीटर, आणि एक टोक होडीला लोंबकळतंय.

मग दुसऱ्या बाजूने, कोड आखूडच का करू नये? ३१ चिपांचा घेतला तर सेकंदाला १२९ चिन्हं (एक कोड म्हणजे एक चिन्ह) जातील, वेग चौपट. इथे एक गंमत आहे. ३१ चिपा म्हणजे ७.७५ मिलिसेकंद, आणि तुमच्या सध्याच्या मांडणीत पृष्ठभाग-तळ प्रतिध्वनी येतो ७.८ मिलिसेकंदांनी. म्हणजे मागच्या चिन्हाचं प्रतिध्वनीचं शिखर पुढच्या चिन्हाच्या शिखरावर अचूक जाऊन बसतं, आणि कोड तोच असल्यामुळे ते दाबलंही जात नाही. अशा जागी अडकून ‘कोड चालत नाही’ म्हणून सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. कोडची लांबी मोठ्या पलटणींपेक्षा जास्त हवी, आणि पाण्याच्या स्थैर्यापेक्षा कमी. तुमच्या बाबतीत ही खिडकी १० मिलिसेकंदांच्या वर आणि शंभराच्या बरीच खाली आहे. ६३ किंवा १२७. मी १२७ घेईन, कारण तिसरी पलटणही त्यात मावते.

वेग सेकंदाला ३१ चिन्हांवर येईल. ऐकायला दरिद्री वाटतं, पण तुमची गरज तरी किती? तापमान, क्षारता, वेळ आणि चूक ओळखायचे बिट मिळून ६४ बिट पुरतात. चूक सुधारणारा अर्ध्या दराचा कोड लावला तर १२८ चिन्हं, म्हणजे चार सेकंद. दर दहा मिनिटांनी चार सेकंद बोलायला काय हरकत आहे?

हरकत बॅटरीची असू शकते, तर तेही बघू. २० वॅटवर चार सेकंद म्हणजे ८० ज्यूल, दिवसाला १४४ पॅकेटं, एकूण सव्वातीन वॅट-तास. महिनोनमहिने तळाशी राहणाऱ्या यंत्राला हे जड आहे. पण वर पाहिलं की एक वॅट आवाज पुरतो, म्हणजे निम्मी वीज वाया गेली तरी दोन वॅट विजेवरसुद्धा तुम्ही गोंगाटाच्या तीस डेसिबल वर आहात. मग अ‍ॅम्प्लिफायर दोन वॅटवर आणा, किंवा त्याहूनही खाली. दिवसाचा खर्च वॅट-तासाच्या एक तृतीयांशावर येतो. प्रोसेसिंग गेन कुठे खर्च करायचा, तर इथे. शिवाय कमी आवाजाचा आसपासच्या जलचरांनाही त्रास कमी.

आता उतरवणीतल्या अडचणी. बिट कोनाच्या फरकात लिहा, म्हणजे मागच्या चिन्हाशी तुलना करून वाचता येतील; निरपेक्ष कोन धरून ठेवायचा खटाटोप पहिल्या आवृत्तीत करू नका. पण लक्षात घ्या, ८ हर्ट्झचा डॉप्लर एका चिन्हात ९१ अंश फिरवतो, आणि फरकाच्या पद्धतीत निर्णयाची सीमाच ९० अंशांवर असते. म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर या एवढ्याशा झोक्यात तुमचे शून्य आणि एक नाणं उडवल्यासारखे येतील. उरलेला डॉप्लर एका हर्ट्झच्या आत आणायलाच हवा, म्हणजे वेगाचा अंदाज सेकंदाला सहा सेंटीमीटरपर्यंत नेमका. त्यासाठी पॅकेटच्या आधी आणि नंतर एकेक चिर्प (सूर बदलत जाणारा छोटा आवाज) ठेवा आणि दोन शिखरांमधलं अंतर मोजा. चार सेकंद किती ताणले गेले किंवा आक्रसले ते कळतं. शिखर पाव चिपपर्यंत टिपलं तरी वेग दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत मिळतो. मग अख्खं पॅकेट त्या प्रमाणात पुन्हा सँपल करा. फक्त वाहकाची वारंवारता दुरुस्त करून भागत नाही, कारण चार सेकंदांत चिपाही सरकतात, वरच्याच वेगाला पाचाहून जास्त. रेडिओतला तयार कोड उचलणारे नेमकं हेच विसरतात. तिथे वाहक सरकतो, घड्याळ सरकल्याचं जाणवत नाही. राहिलेला डोलणारा भाग चिन्हागणिक कोनाचा मागोवा घेऊन काढायचा.

चिर्प साधा सरळ रेषेत चढणारा घेऊ नका, हायपरबोलिक घ्या. डॉप्लरने ताणला तरी तो स्वतःच्याच सरकलेल्या प्रतीसारखा दिसतो, त्यामुळे शिखर खचत नाही, थोडं पुढेमागे होतं इतकंच.

उथळ आणि उबदार पाण्यात असाल तर आणखी एक पाहुणा भेटेल: चिमटा वाजवणाऱ्या कोळंब्या. त्यांचा ‘टक्’ मिलिसेकंदाहूनही लहान पण प्रचंड मोठा असतो, आणि शेकड्यांनी मिळून तेल तडतडल्यासारखा आवाज येतो. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात मंदार चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोंगाटावर बरंच काम केलं आहे. मुद्दा असा की असा गोंगाट नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या वितरणात बसत नाही, म्हणून साधं कोरिलेशन त्याला सर्वोत्तम उत्तर नाही. एकच टक् अख्ख्या चिन्हाची बेरीज बिघडवू शकतो. कोरिलेशनच्या आधी आवाज छाटून टाका: नेहमीच्या पातळीच्या तिप्पट वर जे जाईल ते तिथेच कापायचं. चार ओळींचं काम, आणि कोड लांबवून जे मिळालं नसतं ते यातून मिळतं.

फ्रीक्वेन्सी हॉपिंगबद्दल विचारलं नव्हतं, पण सांगतो. १९४२ साली हेडी लामार आणि जॉर्ज अँथाइल यांना ८८ वारंवारतांवर उड्या मारणाऱ्या संदेशाचं पेटंट मिळालं. ते पाणतीरासाठी (टॉर्पेडोसाठी) होतं, पण संदेश रेडिओचाच. पाण्याखाली हॉपिंगचा फायदा वेगळा आहे. एका सुरावर बोलायचं, लगेच दुसऱ्यावर जायचं, आणि पहिल्या सुराचे प्रतिध्वनी विरले की मगच त्यावर परतायचं. नाटोचं जॅनस हे मानक असंच आहे: ११,५२० हर्ट्झभोवती ४१६० हर्ट्झचा पट्टा, सुरांच्या १३ जोड्या, प्रत्येक सूर सव्वासहा मिलिसेकंद, वेग सेकंदाला साधारण ८० बिट. त्यात कोनाचा संबंधच नसल्यामुळे झोके त्याला फारसे बाधत नाहीत. तुम्हाला वर लिहिलेली डॉप्लरची कसरत नको असेल, तर हा रस्ता धरा. मला स्वतःला अनोळखी पाण्यात पहिल्या दिवशी हॉपिंगच लावायला आवडतं.

पुढे अशी तीन-चार यंत्रं बसवून प्रत्येकाला वेगळा कोड द्यायचा विचार असेल, तर एक आकडा आधीच ऐका. ५० मीटरवरचं यंत्र ५०० मीटरवरच्या यंत्रापेक्षा साडेबावीस डेसिबलने मोठ्याने ऐकू येतं. तुमचे २१ तिथेच संपले. वेळा वाटून द्या, सोपं पडेल.

कोणताही मॉडेम लिहिण्याआधी एक दिवस फक्त ऐकण्यात घालवा. तळाकडून १२७ चिपांचा कोड अर्धा तास पुन्हा पुन्हा वाजवा, होडीवर कच्चा आवाज ९६ किलोहर्ट्झने फाइलमध्ये साठवा, आणि घरी येऊन प्रत्येक आवर्तनाचं कोरिलेशन एकाखाली एक ओळीने रंगवा. थेट मार्ग आणि तळाचा प्रतिध्वनी एकमेकांच्या जोडीने सरकताना दिसतात, पृष्ठभागाचा त्यांच्याशेजारी सापासारखा वळवळतो. मी पहिल्यांदा असं चित्र काढलं तेव्हा सकाळच्या ध्वनिमुद्रणात थेट मार्गाची रेघ ठळक होती, आणि दुपारच्या ध्वनिमुद्रणात ती गायबच. केबल तुटली समजून आम्ही सगळं वर ओढलं. केबल शाबूत होती. उन्हाने वरचं पाणी तापलं होतं, गरम थरात आवाज जास्त वेगाने जातो म्हणून किरण खाली वाकत होते, आणि आमचा उथळ हायड्रोफोन सावलीत राहिला होता. सोनारवाल्यांना हा दुपारचा प्रकार १९३० च्या दशकापासून माहीत आहे, आम्हाला त्या दिवशी कळला. हायड्रोफोन खोल सोडायला वर सांगितलं, त्याचं हेही एक कारण.

ट्रान्सड्यूसर मासे शोधायच्या यंत्रातला काढलेला असेल तर बदला. तो एकाच सुरावर घंटेसारखा घुमतो आणि पाव मिलिसेकंदाच्या चिपा एकमेकांत लिंपून टाकतो. ४ किलोहर्ट्झचा पट्टा खरोखर निघतोय का, हे मीटरभर अंतरावर हायड्रोफोन धरून तपासा. आणि पाण्यात सोडण्याआधी त्याचा चेहरा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. कोरड्या पृष्ठभागावर हवेचे बारीक बुडबुडे चिकटून राहतात, आणि मग दहा डेसिबल कुठे गेले ते शोधत दिवस जातो.